अकरा क्रमांकाचे घर

सोळा घरांपैकी पंधरा घरे तळ्याच्या बाजूला कलली होती. अकरा क्रमांकाचे घर कललेले नव्हते. मी पाणसळ तीन वेळा लावून पाहिली.

सुंगाई केलुआंग हा मलेशियाच्या पेराक राज्यातला लहानसा जिल्हा. कथिलाच्या खाणी बंद पडल्यावर त्याच्यापाशी तळी आणि कचेऱ्या एवढेच उरले. त्यांपैकी एका कचेरीत मी मृदापरीक्षक आहे. तळ्याकाठच्या या गल्लीतील सर्व सोळा घरे पाडण्याचा प्रस्ताव होता. पंधरा कुटुंबांनी सह्या केल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या चोंग न्युक लान यांनी केली नव्हती. त्यांना सगळे आ-पो, म्हणजे आजी, म्हणत.

"आ-पो, सही करा," माझे वरिष्ठ रझलान साहेब दारातून म्हणाले. "शहरात फ्लॅट मिळतोय. लिफ्टसुद्धा आहे."

"लिफ्ट तुमच्या गुडघ्यांना लखलाभ. माझं घर वाकडं आहे का?"

"गल्लीच वाकडी झालीय."

"मी गल्लीत झोपत नाही."

शेजारीण आ-फूनने कुंपणावरून तोंड घातले. "तिचा दातुक, जागेचा राखणदार, जागृत आहे, साहेब! लाल देव्हाऱ्यात दर आठवड्याला पानविडा ठेवते. आमचा मेला घोरत पडलाय."

"दातुकचा मान दातुकला," न्युक लान कडाडल्या. "पण ही जागा त्यानं नाही निवडली. माझं श्रेय देवाला वाटू नकोस, फुकटे!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू मापणारा ना? वर काय मापतोस? खाली माप. माझं घर बोटभर जरी खचणार असं निघालं, तर इथंच सही करते. नाही निघालं, तर यादीतून काढायचं. कबूल?"

रझलान साहेबांनी घड्याळ पाहिले. "एका घरासाठी एवढा खटाटोप?"

"घर एकच आहे माझं."

साहेब कबूल झाले. चिडून झाले, पण झाले.

दोन दिवसांत आम्ही प्रत्येक घरामागे एक भोक पाडले. पंधरा ठिकाणी गिरमिट नऊ मीटर खोल गेले तरी राखाडी चिखलच वर येत होता, ओल्या साबणासारखा. अकराव्या घरामागे वीतभर मातीखाली जाड वाळू लागली. पुढे खडक लागेपर्यंत वाळूच होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारले.

"खाण बंद झाली तेव्हा ज्यानं त्यानं आपली जागा निवडायची होती. सगळ्यांनी सपाट बघून घेतली. मी हा उंचवटा मागितला. आ-फूनची सासू म्हणाली, या बाईनं ढिगारा नवरा केला!" त्या हसल्या. "अरे, मी बावीस वर्षं ओढ्यात उभी राहून कथिल वेचायला लाकडी थाळा फिरवलाय. जड असतं ते जवळच बसतं, बारीक असतं ते लांब वाहून जातं. थाळ्यात जे होतं तेच खाणीत. ही कॉलेजात शिकायची गोष्ट आहे का रे?"

होय, असे मला म्हणावे लागले. मला ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी शिकवली होती.

अहवालात मी पुढीलप्रमाणे नोंद केली. खाणीतील माती ज्या उंच पन्हळीतून धुतली जाई, तिचे तोंड अकरा क्रमांकाच्या जागी होते. जाड वाळू तोंडाशीच साचली. बारीक गाळ वाहत जाऊन उरलेल्या पंधरा जागांवर सपाट पसरला. गाळ खचतो, वाळू खचत नाही. ही जागा मालकिणीने हे जाणून निवडली होती. अकरा क्रमांक यादीतून वगळावा.