सातच्या बातम्या

मी रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे, टीव्हीखाली ठेवलेल्या सेट टॉप बॉक्सचा. पण घरात चॅनल लागतं, आवाज वाढतो, सगळं बंद होतं ते माझ्या जोरावर, म्हणून मान मी टीव्हीइतकाच घेतो. माझा मुक्काम कळव्याला, रमाबाईंच्या चाळीतल्या घरी. आलो त्याच दिवशी त्यांच्या नातीने, पायलने, मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून चिकटपट्टी मारली. तेलकट हातांनी आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून. काळजीपोटीच केलं तिने, पण उन्हाळ्यात जीव अगदी नकोसा होतो.

एकाच साच्यातून आम्ही हजारो भावंडं बाहेर पडलो. आमची बोली एकच, आणि ती आवाजाची नाही, उजेडाची. बटण दाबलं की कपाळावरच्या बारीक दिव्यातून उजेड निघतो. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही, बॉक्सला बरोबर दिसतो. पुढे जे रामायण घडलं ते एवढ्याशा गोष्टीवरून.

झालं असं की आमच्या केबलवाल्याने एका आठवड्यात अख्ख्या चाळीचे जुने बॉक्स बदलले आणि घरोघरी एकाच जातीचे नवे बसवले. रमाबाईंकडे मी आलो, समोरच्या घरात हौसाबाईंकडे माझा भाऊ गेला. दोन घरांच्या मध्ये पाच-सहा फुटांची गल्ली. दारासमोर दार, आणि दोन्ही दारं सकाळपासून सताड उघडी.

हौसाबाई टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या टीव्हीकडे पाठ करून उंबरठ्यावर बसतात आणि उजेडाला वाती वळतात. माझा भाऊ त्यांच्या मांडीवर. तिथूनच बटण दाबतात, म्हणजे उजेड येतो तो थेट आमच्या घरात. आणि आमच्याकडे टीव्हीला खेटून आरशाचं कपाट, त्यावरून उलटूनच तो त्यांच्या टीव्हीला पोचतो. रमाबाईंनी मला दाबलं की माझाही थोडा उजेड आरशावर आपटून उलटा फिरतो आणि गल्ली ओलांडून हौसाबाईंच्या टीव्हीपर्यंत जातो. थोडक्यात, त्या आमचा टीव्ही चालवत होत्या आणि आम्ही त्यांचा. हे जाणणारे आम्ही दोघेच भाऊ, आणि आम्हाला बोलायची सोय नाही.

पहिल्यांदा ठिणगी पडली ती एका बुधवारी. रमाबाई टीव्ही बंद करून भाजीला गेल्या. मी स्वतः बंद केला होता, मला विचारा! मुलगा रवींद्र कामावरून लवकर आला, तर रिकाम्या घरात मालिकेतली सासू मोठमोठ्याने रडत होती.

"आई, टीव्ही चालू ठेवून गेलेलीस."

"नाही रे, बंद करून गेलेले मी."

"मग काय भुताने लावला?" रवींद्र हसला. त्या मात्र हसल्या नाहीत.

मग हे रोजचंच झालं. रमाबाई धम्मावरचं प्रवचन लावायच्या, कांदा चिरून बाहेर यायच्या तर पडद्यावर हळदीकुंकू. आवाज कमी करायच्या, तो आपोआप वाढायचा. एकदा सून प्रियांकाने विचारलं, "आई, तुम्हीच लावलंत ना हे?" आणि रमाबाई म्हणाल्या, "असेल बाई, मीच लावलं असेल." त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. ही बाई पंचवीस वर्षं बालवाडीत शिकवत होती. एकेका वर्षाच्या सगळ्या पोरांची नावं तिला पाठ, आणि आता ती स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवेना.

त्यांच्या भीतीचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. थोरली बहीण मीराबाई शेवटी पोटच्या मुलाला "तुम्ही कोण?" म्हणून विचारायची. आपलंही तेच होणार, असं रमाबाईंनी मनाशी धरलं. सकाळी वंदना म्हणताना एखाद्या ओळीला अडखळल्या तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. दुपारी माझ्याशेजारी बसून बालवाडीतल्या पोरांची नावं पुटपुटायच्या. एखादं नाव आठवलं नाही की चेहरा उतरायचा.

त्यातच एकदा दूध उतू गेलं. दूध कुणाच्या घरी उतू जात नाही? पण आता तेही टीव्हीच्या हिशेबात धरलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून प्रियांका सकाळी आठला दवाखान्यात कामाला जाताना गॅसचा रेग्युलेटर बंद करू लागली आणि चहा थर्मासात भरून ठेवू लागली. तिला दोष देणार नाही, पोरगी घाबरली होती. पण पंचेचाळीस वर्षं ज्या बाईने स्वतःच्या हाताने चहा उकळला, तिने अकरा वाजता थर्मासातला कोमट चहा ओतून घ्यावा, हे मला बघवत नव्हतं. त्या दोन घोट प्यायच्या आणि उरलेला मोरीत ओतायच्या.

रवींद्रने ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे शनिवारचा नंबर लावला. "नुसतं दाखवून येऊ, आई," तो म्हणाला. रमाबाईंनी मान डोलावली. त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला हातच लावला नाही. रोज सातला बातम्या लावणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

गुरुवारी दुपारी हौसाबाई आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, पण तीस वर्षांची शेजारीण. त्यांचे यजमान मारुतीराव दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा सर्वेश डोंबिवलीत कोपरला राहतो, रविवारी येऊन जातो.

"शनिवारी डॉक्टरकडं नेतायत म्हणं तुला?" हौसाबाईंनी विचारलं.

"डोकं तपासायला," रमाबाई म्हणाल्या. "माझं आता काही खरं नाही गं."

"अगं, तुझं काय घेऊन बसलीस! माझ्याकडं काय होतंय ते सांगितलं तर मला कुठं नेतील? तू हसशील म्हणून बोलले न्हाई इतके दिवस." हौसाबाई जवळ सरकल्या. आवाज बारीक केला. "सर्वेशचे बाबा येत्यात."

"कुठे येतात?"

"घरी. सातच्या बातम्या लावायला. जिवंत होते तवा लावायचेच ना, मी मालिका बघत असले तरी. आताबी तसंच. मी भजन ऐकत असते आन सातच्या ठोक्याला आपोआप बातम्या लागत्यात. मी म्हणते, आलात का? बसा. पुन्हा भजन न्हाई लावत मी."

रमाबाई हसल्या नाहीत.

"रोज येतात?"

"रोज. काल तेवढे आले न्हाईत. लई वाट बघितली मी."

काल! माझ्या अंगावर काटाच आला, म्हणजे प्लास्टिकवर येईल तेवढा. काल सातला आमच्याकडे बातम्या लागल्याच नव्हत्या. रमाबाईंनी थर्मासातला चहा ओतता ओतता माझ्याकडे वळून पाहिलं.

चारच्या सुमाराला हौसाबाई दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या. दाराला नुसती कडी घालायची सवय, तीही त्या दिवशी घातली नव्हती. रमाबाई मला घेऊन आपल्या उंबरठ्यावर आल्या. मला हौसाबाईंच्या दारातून आत रोखलं आणि लाल बटण दाबलं. समोरचा टीव्ही लागला. पुन्हा दाबलं, बंद. असं चार वेळा. मग त्या तिथेच खाली बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मेल्या, तू होय!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी कुणी बोललं, आणि तेही शिवी घालून. पण इतका आनंद मला नवीन सेल घातल्यावरही झाला नव्हता. रमाबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग त्यांनी बालवाडीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरांची नावं म्हटली, भराभर, एकही न चुकता.

संध्याकाळी रवींद्र, प्रियांका आणि पायल घरी आल्यावर रमाबाईंनी काही समजावत बसायचं टाळलं. मला रवींद्रच्या हातात दिलं. "बटणाला बोट लावू नकोस. टीव्हीकडे बघत बस."

"आई, काय चाललंय?"

"बस म्हणते ना."

पाच मिनिटांनी क्रिकेटच्या जागी भजन लागलं. रवींद्रने माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. मी उलटा-सुलटा झालो.

"मी काहीच दाबलं नाही."

"मीही कधी दाबलं नव्हतं," रमाबाई म्हणाल्या, आणि हनुवटीने दाराकडे दाखवलं. समोर उंबरठ्यावर हौसाबाई वाती वळत होत्या, माझा भाऊ त्यांच्या मांडीवर होता.

पायलने मोबाईलचा कॅमेरा लावून माझ्या कपाळावरचा दिवा लुकलुकताना सगळ्यांना दाखवला. "आजी, भारी यार! तू तर डिटेक्टिव्ह निघालीस." रवींद्रने मला बाजूला ठेवलं. तो आईच्या पायाशी येऊन बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. प्रियांका आत गेली. रेग्युलेटर फिरवल्याचा आवाज आला, मग थर्मास रिकामा केल्याचा. आतूनच ती म्हणाली, "आई, चहा टाकता का तुमच्या हातचा? सगळ्यांनाच." शनिवारचा नंबर रवींद्रने त्याच वेळी फोन करून रद्द केला.

"उद्या केबलवाल्याला सांगून समोरचा बॉक्स बदलून घेतो," रवींद्र चहा पिताना म्हणाला.

"नको." रमाबाईंनी सगळ्यांना मारुतीरावांचं सांगितलं. "आपल्या बॉक्सला दाराच्या बाजूने पुठ्ठा लाव, तेवढं पुरे. तिच्याकडे काही बोलायचं नाही."

"आजी, पण हे खोटं नाही का?" पायलने विचारलं. "खोटं बोलायचं नाही, हे शील आहे ना आपलं?"

रमाबाईंनी कप खाली ठेवला. "मी बोलते कुठे? मी बटण दाबते."

तेव्हापासून माझी नोकरी वाढली. आधी जे चुकून होत होतं ते आता नेमाने होऊ लागलं. सातला पाच मिनिटं कमी असताना रमाबाई मला हातात घेतात, आरशाकडे रोखतात आणि ठोक्याला बातम्या लावतात. मग कान देऊन थांबतात. समोरून "आलात का? बसा," ऐकू आलं की मला खाली ठेवतात. भुताखेतांना आयुष्यभर नावं ठेवणारी ही बाई आता रोज संध्याकाळी एका गेलेल्या माणसाचं काम करते, आणि त्यात तिला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

आता माझे आकडे पिशवीच्या आतही पुसत चाललेत. दोनचं बटण दोनदा दाबावं लागतं. जुना झालो की मला ड्रॉवरमध्ये टाकतील, तक्रार नाही. एवढंच सांगणं आहे की टीव्हीने काही वेडंवाकडं केलं तर म्हाताऱ्या माणसाकडे संशयाने बघण्याआधी एकदा आमच्याकडे बघा. आम्ही यंत्रं चुकतो आणि नाव त्यांचं जातं.

परवा रविवारी सगळे बाळकुमला प्रियांकाच्या भावाच्या घरभरणीला गेले. मी दिवसभर शोकेसवर पडून. सात वाजले, वाजून गेले. घरी यायला त्यांना नऊ झाले.

सोमवारी सकाळी रमाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. समोरून हौसाबाईंनी वातीवरची नजर न काढता हाक मारली. "रमाबाई, काल सातला बटण दाबायला विसरलीस का गं?"

रमाबाईंचा हात थांबला. "तुला ठाऊक होतं?"

"गिरणीतनं येताना बघितलं की तुला. माझ्या घरावर रिमोट रोखून उभी होतीस, चोरासारखी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रोज न चुकता दाबायचीस. माझ्यासाठीच ना? मग गप बसले." हौसाबाईंनी वात तबकात ठेवली. "पर काल विसरलीस."

हा शब्द या घरात कुणी दोन महिने उच्चारला नव्हता. रमाबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि त्या हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हो गं बाई," त्या म्हणाल्या. "चक्क विसरले!"