वर्गात पहिली

कौमुदीला ग्लँड्युलर फीवर झाला. बरेच आठवडे ती शाळेत आली नाही, आणि परत आल्यावर तिने आमच्या ओवीकडे बारावीच्या केमिस्ट्रीच्या नोट्स मागितल्या. ओवीने ते जेवताना सहज सांगितलं.

"नाही द्यायच्या," तिचा बाबा म्हणाला.

"का?"

यतिनने आमटीचा भुरका घेतला. "वर्गात पहिला नंबर कुणाचा?"

"माझा."

"दुसरा?"

"कौमुदीचा."

"मग झालं तर."

यतिन मूळचा पुण्याचा, इथे परदेशात नंतर आलेला. त्याच्या बारावीत मुलं क्लासच्या नोट्स घरच्या पाहुण्यांनाही दाखवत नसत. हाच माणूस आता ऑफिसात नव्या लोकांना टीमवर्कचं ट्रेनिंग देतो.

माझ्या नोट्स अर्धवट आहेत, असं ओवीने कौमुदीला सांगून टाकलं. कौमुदी "नो वरीज" म्हणाली. सातवीपासून दर शनिवारी जवळच्या गिरावीन उपनगरातून आमच्याकडे येणारी ही मुलगी त्या शनिवारी आली नाही. पुढच्याही नाही. ओवी दार लावून अभ्यास करायची. बाहेरून कान दिला तर आत पान उलटल्याचाही आवाज येत नसे.

मी चाइल्डकेअरमध्ये काम करते. केमिस्ट्रीशी माझा संबंध डायपर रॅशच्या क्रीमपुरता. पण एका नंबरापायी ही मुलगी घरात येईनाशी झाली, म्हटल्यावर हे मार्कांचं प्रकरण आहे तरी काय ते बघायला हवं होतं. बाळं झोपली की फोनवर इथल्या बोर्डाची वेबसाइट वाचायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाच झोप आली. कधीतरी ते डोक्यात शिरलं, आणि त्या दिवशी मी यतिनला स्वयंपाकघरात गाठलं.

"निम्मे मार्क शाळेचे, निम्मे बोर्डाच्या पेपराचे. बरोबर?"

"ते मला माहितीये."

"शाळा देते ते मार्क बोर्ड जसेच्या तसे घेत नाही. कोण कुणाच्या पुढे आणि कितीने, एवढंच शाळेकडून घेतं. मग त्या वर्गाने पेपरात काय कमावलं ते बघतं आणि त्या हिशेबाने शाळेचे मार्क नव्याने लावतं. शाळेत जी पहिली, तिला पेपरातले सगळ्यात जास्त."

"सगळ्यात जास्त कुणाचे?"

"वर्गातल्या कुणाचेही."

यतिनने हातातली काकडी खाली ठेवली. "म्हणजे कौमुदीला पेपरात पंच्याण्णव पडले आणि आपल्या ओवीला नव्वद..."

"तरी शाळेच्या निम्म्यात ओवीला पंच्याण्णव."

"फुकट?"

"फुकट."

त्याने काकडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "पोरगी आजारातून उठलीये. अशक्तपणा असेल. तिला जेवायला बोलाव. काय आवडतं तिला?"

ओवी दारात उभी होती. "बाबा, एव्हरीवन नोज धिस. इयर इलेव्हनमध्येच सांगतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला त्याच्यापुढचं काहीतरी माहिती असेल."

"बरं, आता दे नोट्स," तो म्हणाला.

"मार्कांसाठी? नो वे."

"मग कशासाठी देशील?"

"मी तिच्याशी खोटं बोलले, बाबा. ते सांगायला जाणारे." आणि ती शूज घालून निघालीच. नोट्सची फाइल तिने नेली, पण यतिनला दिसणार नाही अशी, जाकिटाच्या आत.

शनिवारी दुपारी कौमुदी आली. गळ्याची हाडं दिसत होती. यतिनने स्वतः श्रीखंड वाढायला घेतलं.

"मग काय, केमिस्ट्री कुठपर्यंत आली?"

"ड्रॉप केली, काका."

चमचा वाटीवर तसाच राहिला. "कधी?"

"झाले दोन आठवडे. खूपच मागे पडले होते. सगळ्या विषयांची मिळून बारा युनिट्स होती माझी, बोर्डाला दहा पुरतात."

ओवीने मान खाली घातली. तिला हे आधीच कळलेलं दिसत होतं. म्हणजे त्या दिवशी ती फाइल नेली तशीच परत आणली असणार, आणि आम्हाला बोलली नाही.

"अजून रागावलीयेस का गं?" मी कौमुदीला विचारलं.

"थोडी. बेस्ट फ्रेंड्समध्ये ही सध्या पाचवी आहे."

"पाचवी?" ओवी म्हणाली. "पहिले चार कोण? तुला दुसरं कुणी आहे तरी का?"

"म्हणूनच पाचवी. चार जागा रिकाम्या ठेवल्यात."

ओवी हसली. गेल्या कित्येक दिवसांत हा आवाज घरात नव्हता.

यतिनने श्रीखंडाचं भांडं टेबलावर ठेवलं. "नोट्स देऊ नकोस असं तिला मी सांगितलं होतं," तो कौमुदीला म्हणाला. "तिची द्यायची इच्छा होती."

"माहितीये, काका," कौमुदी म्हणाली, आणि तिने वाटी पुढे केली.