धुतलेल्याच परीक्षानळ्या

आठवडाभर एकही प्रयोग झाला नव्हता, मग परीक्षानळ्या ओल्या कशा? मी गणिताची बाई. प्रयोगशाळेशी माझा संबंध एवढाच, की फळ्यावरचा मोठा कंपास तिथल्या कपाटात असतो. तो घ्यायला गेले, तर स्टँडवर उलट्या लावलेल्या नळ्यांमधून पाणी ठिबकत होतं. झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी नवरा म्हणतोच, "तुला ना, नसत्या चौकशा!" असू देत.

विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते एकदम खूश. "अहो, ती नववीतली गुणी पोर! रोज मधल्या सुट्टीत येऊन धुते. मागच्या वर्षी किल्लीच देऊन टाकली तिला. बाकीची कार्टी बघा, नुसता धुडगूस! उद्या मोठ्या बाई सगळ्या शाळेसमोर तिचा सत्कार करणार आहेत. मीच सुचवलं."

"पण धुतलेल्या नळ्या पुन्हा कशाला धुते?"

"पोर काम करते तर तुमच्या पोटात का दुखतंय, बाई?"

सगळी स्टाफरूम हसली. आमच्याकडे दर गुरुवारी समुपदेशक बाई येतात. त्यांच्याकडे आम्ही पाठवतो कुणाला? जो बाक वाजवतो, जो उलट बोलतो, त्याला. गप्प बसणाऱ्याचं आम्हाला नुसतं कौतुक.

मधल्या सुट्टीत मी गेलेच. पोरगी बेसिनपाशी उभी, नळ सोडलेला, हातात ब्रश. मला बघताच हसली.

"अभ्यासाचं टेन्शन आहे का गं?"

"नाही बाई."

"घरी काही?"

"नाही बाई." पुन्हा तेच हसू.

ही चौकशी नव्हे, उलटतपासणी चालली होती. मी तोंड बंद केलं, दुसरा ब्रश उचलला आणि तिच्या शेजारी नळ्या घासायला लागले. गप्प बसणं मला किती जड जातं ते माझं मलाच ठाऊक!

बऱ्याच वेळानं ती नळीकडे बघतच बोलली. "बाई, वर्गात सगळे हसतात ना, तेव्हा मला आतून काहीच वाटत नाही. तरी हसते. दिवसभर हसून गाल दुखतात. इथे हसावं लागत नाही."

"कधीपासून गं?"

"आठवीपासून. झोपच लागत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही."

मी ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं?"

तिनं मान हलवली. "नाही. फक्त कुणाला दिसू नये असं वाटतं."

"समुपदेशक बाईंकडे जाऊ या. मी येते बरोबर. हे आधी कुणाला सांगितलंस का?"

"सरांना सांगायला आले होते, इथेच. ते नळ्या धूत होते. म्हटलं, आपणही धुवू, धुता धुता बोलू. तर ते म्हणाले, शाब्बास, अशी मुलं हवीत! आणि किल्ली दिली. मग कसं सांगणार? आता उद्या तर सत्कार. त्यानंतर तर नाहीच सांगता येणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "थांब, मी सांगते त्यांना."

"नको बाई. मीच सांगेन. पण ते ऐकतील?"

सर डबा खात होते. म्हटलं, "उठा. तुमची गुणी पोर बोलावतेय. सत्कार थांबवायला मोठ्या बाईंकडे मी जाते. आणि एवढं करा, तिला शाब्बास म्हणू नका."

बिचारे तोंडातला घास गिळत आले. तिनं पहिलं वाक्य उच्चारलं आणि हे लगेच, "अगं पण तू तर इतकी..." मी डोळे वटारले. तेव्हा कुठे ते स्टुलावर टेकले.

"किल्ली दिली त्या दिवशी आली होतीस, तेव्हा हेच सांगायचं होतं?"

"हो सर." ती हसली नाही.

"मग सांग. पहिल्यापासून."

ती अडखळत सांगायला लागली. मी मोठ्या बाईंकडे जायला दारापर्यंत पोचले, तेवढ्यात बेल झाली. पोरगी बोलता बोलता थांबली.

"सर, तुमचा तास..."

सर सवयीनं अर्धे उठले होते. ते परत खाली बसले.

"असू दे गं. बोल तू."