पुरळ म्हणून लिहिलेला आजार

मित्रांनो, मी एक जुना कोश आहे. माझ्यात शब्दांचे अर्थ नाहीत, प्रत्येक आजारासाठी ठरलेले आकडे आहेत. त्यांना कोड म्हणतात. अंगावर उठते ते कोड नव्हे! छापखान्यातून मी थेट एका इस्पितळाच्या नोंदखोलीत आलो. डॉक्टर आजार लिहीत आणि नोंदणीकाका माझ्यातून त्याचा कोड शोधून संगणकात भरत. कोणाला पुन्हा बोलवायचे, कोणाच्या घरी परिचारिकेने जायचे, हे त्या कोडवरूनच ठरे. "हा हाताशी आहे म्हणून माझी चूक होत नाही," असे काका कौतुकाने सांगत. मी फुगून जाई.

एके दुपारी खिडकीशी एक गरोदर बाई आली. तिच्या कागदावर लिहिले होते, सिफिलिस. हा शरीरसंबंधातून पसरणारा आजार. औषधाने बरा होतो. नाही तर पोटातल्या बाळालाही गाठतो. तिला दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शने घ्यायची होती. नवऱ्यालाही तपासायचे होते.

"काका, ते नाव नका ना लिहू," ती म्हणाली. "सासूबाईंची बहीण इथंच कामाला आहे. कळलं तर मला घराबाहेर काढतील."

"अगं, पण..."

"तुमच्या पाया पडते."

काकांना तिच्याच वयाची लेक होती. त्यांचे मन विरघळले. "बरं, अंगावर पुरळ असं लिहितो. पण इंजेक्शनं चुकवू नकोस हं, पोरी."

योग्य पान समोर उघडेच होते. मला वाचा असती तर मी टाहो फोडला असता!

पहिल्या इंजेक्शनानंतर कोणी ओळखीचे पाहील या भीतीने ती आलीच नाही. परिचारिकेच्या यादीत तिचे नाव नव्हते. पुरळ उठलेल्या बाईच्या घरी कोण जाणार? नवऱ्यालाही कोणी बोलावले नाही.

तीन महिन्यांनी तिला कळा सुरू झाल्या. बाळ मृत जन्मले.

त्या बाळाच्या नोंदीचा कागद काकांसमोर आला. त्यावर आईचे नाव होते. ते वाचताच काका धडपडत डॉक्टरांकडे गेले आणि सारे कबूल केले. त्याच दिवशी नवरा-बायको दोघांवर उपचार सुरू झाले. काकांनी तिलाही खरे सांगितले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मग तुम्ही माझं ऐकलंत कशाला?"

काकांनी मला पुन्हा हात लावला नाही. आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या त्या खुर्चीत बसेल. लाजेला, रडण्याला भुलू नका. आजार त्याच्या खऱ्या नावानेच लिहा. आणि दया आलीच, तर तो कागद कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून कपाटाला कुलूप लावा. काकांनी एवढेच करायला हवे होते.