रुंद तोंडाची दुर्बीण

टूडाने दुर्बीण घ्यायचं ठरवलं, तेव्हाच ती कसली घ्यायची हेही ठरवून टाकलं होतं. अडचण होती ती फक्त भावाची.

बास्सू तिच्याहून धाकटा. महामीदला, जिथं डांबरी रस्ता संपून वाळू सुरू होते, तिथं दोघांनी मिळून पाहुण्यांसाठी तंबू उभारले होते. उंट, गाडी आणि गप्पा बास्सूकडे; चूल, अंथरुणं आणि पाहुण्यांची तक्रार टूडाकडे. दर हिवाळ्यात कासाब्लांकाहून आकाशवेड्या लोकांचा एक जथा त्यांच्याकडे उतरायचा. प्रत्येकाची दुर्बीण वेगळी. कुणाची बारीक आणि लांब, कुणाची आखूड आणि गुबगुबीत, कुणाची तर बटण दाबलं की आपोआप फिरणारी. टूडा भांडी आवरून हात पुसत त्यांच्यात जाऊन उभी राहायची. पहिल्या वर्षी त्यांनी तिला दाखवलं, दुसऱ्या वर्षी तिनं त्यांना विचारून विचारून भंडावलं, आणि गेल्या खेपेला त्यांच्यातला एक जण देवयानी दीर्घिका शोधता शोधता रडकुंडीला आला तेव्हा टूडानंच त्याची नळी धरून जागेवर नेऊन ठेवली.

यंदा खजुराला भाव चांगला मिळाला. नव्या तंबूसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दुर्बीण घेऊ, असं तिनं म्हटलं तेव्हा बास्सूनं फारशी खळखळ केली नाही. पाहुणे वर बोट दाखवून विचारायचे, आणि त्याला सगळ्याच ताऱ्यांची नावं ऐन वेळी बनवावी लागायची.

"पण घ्यायची तर स्वतः तारे शोधणारी घ्यायची," त्यानं बजावलं. "बटणाची."

"बघू," टूडा म्हणाली. बास्सूनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

माराकेशला नव्या वस्तीत सी बूशाइबचं, म्हणजे बूशाइबसाहेबांचं, दुकान होतं. चष्मे, कॅमेरे, होकायंत्रं आणि मागच्या बाजूला दुर्बिणी. बास्सू आत शिरला तो थेट काचेच्या कपाटापाशी थांबला. पांढरीशुभ्र, सडपातळ नळी, चकचकीत तीन पायांचं तिकाटणं, तारेला लोंबणारं बटणांचं यंत्र. खोक्यावर शनीचं चित्र होतं आणि पाचशे पट मोठं दिसेल असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

"हीच," बास्सू म्हणाला. "टूडा, बघ तरी! पाचशे पट!"

"पाचशे पट काय मोठं होईल?"

"तारे!"

"तारे कितीही मोठे केले तरी ठिपकेच राहतात, खुया." भावावर चिडली की ती त्याला असं मुद्दाम गोड आवाजात 'माझ्या भावा' म्हणायची. "आणि मला तारे नाही बघायचे. तारे आपल्या डोक्यावर फुकट आहेत. मला त्यांच्या पलीकडचं बघायचंय. तिथून येणारा उजेड अगदी एवढासा असतो. तो आधी गोळा तर व्हायला पाहिजे."

"मग ही करेल की गोळा."

"हिचं तोंड बघ केवढं आहे." टूडानं काचेसमोर चहाचा पेला धरावा तशी बोटं धरली. "पाऊस पडला तर गच्चीवर तू पेला ठेवशील की परात?"

"आपल्याकडे पाऊस पडतो कुठं?"

"म्हणूनच परात लागते."

सी बूशाइब हसला. त्यानं पुदिन्याचा चहा मागवला आणि बटणवाल्या दुर्बिणीचं कौतुक सुरू केलं. चौदा हजार वस्तू तिच्या स्मरणात आहेत म्हणे. टूडानं मान डोलावत ऐकून घेतलं.

"चौदा हजारांपैकी तिला दिसतात किती?" तिनं विचारलं.

दुकानदारानं चहाचा पेला खाली ठेवला. "लाल्ला, बाईसाहेब, खरं सांगू? चंद्र फार सुंदर दिसतो."

"चंद्राच्या उजेडात बाकीचं सगळं बुडतं. तो असला की मी बाहेरच येणार नाही. आरशाची काय आहे तुमच्याकडे? वीतभर रुंद तरी हवी. तिकाटणं नको, यंत्र नको. लाकडी बैठकीवर ठेवून हातानं फिरवायची."

तशी एक होती. मागच्या खोलीत, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांआड. काळी, जाडजूड नळी, वीतभराहून जास्तच रुंद. पण गोदामात पाणी शिरून तिची भुश्शाच्या फळ्यांची बैठक भिजलेल्या पावासारखी फुगली होती. म्हणून कुणी घेत नव्हतं, आणि म्हणून ती परवडण्यासारखी होती.

"ही?" बास्सूचा चेहरा पडला. "हा तर हमामचा बंब आहे. पाहुणे विचारतील, पाणी कधी तापणार?"

टूडानं नळीच्या तोंडाशी वाकून आत टॉर्च मारला. तळाच्या आरशावर धूळ होती, ओरखडा नव्हता. कडेला चांदी उडालेली नव्हती. मग ती आणि दुकानदार मिळून नळी दारापर्यंत घेऊन आले, एका खुर्चीच्या उशीवर टेकवली आणि तिनं लांबच्या मशिदीच्या मिनाराचं टोक त्यात पकडलं. चित्र एका बाजूला ओघळत होतं. तिनं मागचे स्क्रू हलके हलके फिरवले, पुन्हा बघितलं, पुन्हा फिरवले. कळसावर बसलेल्या पारव्याचं पीस न् पीस दिसायला लागलं, उलटं.

"उलटं आहे," बास्सूनं बघून सांगितलं.

"आकाशात वर-खाली कुणाला विचारतोस?" ती म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "बैठक ठेवा तुमच्याकडे. नळी नेते. किमतीतून बैठकीचे पैसे कमी करा, आणि वाचलेल्या पैशात कमी वाढवणारी, रुंद दाखवणारी, डोळ्याशी लावायची एक चांगली नेत्रिका द्या."

सी बूशाइबनं थोडी घासाघीस केली, पण ती मनापासून नव्हती. ती नळी वर्षभर त्याच्या पायात येत होती.

परतीच्या बसमध्ये दुर्बिणीनं गोधडी पांघरून एक अख्खी सीट अडवली. घाटात वळणावळणाला बास्सू तिला मिठी मारून बसला होता, आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं 'पेशंटला कुठं नेताय?' असं विचारल्यावर अख्खी बस हसली. बास्सू सोडून. वाटेतलं झागोरा गाव येईपर्यंत तो बहिणीशी बोलला नाही.

पण बैठक त्यानंच केली. आठवडाभर रागावला, मग एका दुपारी करवत घेऊन आला. "कर म्हणून सांगणार नाहीस, माहितीये मला. पण तुझ्या हातची बैठक पहिल्याच पाहुण्याच्या पायावर पडेल." चांगलं जाड प्लायवूड आणलं, कोपरे घासले, तंबूच्या खांबांना लावायचं तेल लावलं. फिरवताना अडकू नये म्हणून खाली गुळगुळीत काहीतरी हवं होतं, तर त्यानं बहिणीचा भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट कापून त्याच्या चकत्या ठोकल्या. टूडानं आरडाओरडा केला, मग बोटानं नळी ढकलून बघितली. ती लोण्यावरून सरकल्यासारखी फिरली आणि सोडली तिथं थांबली.

"पाट नवा आणून दे," ती म्हणाली. एवढीच शाबासकी, पण बास्सूला ती पुरली.

डिसेंबरच्या अमावास्येला मेकनेसहून पाहुणे आले. वकील सी मआती, त्यांची बायको घिता आणि तिच्या दोन बहिणी. जेवणाआधीच मिट्ट अंधार पडला होता. हरीऱ्याचं गरम सूप पिऊन सगळे शाली पांघरून बाहेर आले. टूडानं आधी त्यांना मृगातला तेजोमेघ दाखवायचं ठरवलं होतं, पण मृग अजून क्षितिजाच्या धुळीत होता. म्हणून देवयानी दीर्घिका दाखवली. बायकांनी 'सुब्हानल्लाह' म्हटलं. वकिलांनी डोळा लावला आणि मान मागे घेतली.

"धुकं आहे."

"ते धुकं म्हणजे अब्जावधी सूर्य आहेत."

"असतील. पण फोटोत तर निळं, गुलाबी असतं सगळं."

"फोटो काढणारा कॅमेरा तासन् तास उजेड साठवतो. आपला डोळा साठवत नाही, क्षणाचं क्षणाला बघून टाकतो. हे तुम्ही स्वतः बघताय, सी मआती. मध्ये कुणी नाही."

वकिलांना युक्तिवाद पटला, पण चित्र पटलं नाही. बास्सू अंधारात खाकरला. बटणवाली, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता. टूडाला ते लागलं नाही असं नाही. पण तिला स्वतःच्या निवडीबद्दल तिळभर शंका नव्हती, आणि त्या हट्टातच तिनं त्या रात्रीची सगळ्यात अवघड वस्तू शोधायला घेतली. देवयानीतच एक दीर्घिका अशी आहे की ती आपल्याला कडेनं दिसते. फिकट, अतिशय फिकट. तिला ती सापडली. तिनं पाहुण्यांना सांगितलं, की सरळ बघायचं नाही. नजर थोडी बाजूला ठेवायची, मन मध्यभागी. डोळ्याच्या कडेला अंधारात जास्त दिसतं.

घिता बघून आली, काही दिसलं नाही. एका बहिणीला आपल्या पापण्या दिसल्या. वकिलांनी पुष्कळ प्रयत्न केला. "मला बाजूला बघ म्हटलं की डोळा तिकडेच पळतो," ते वैतागून म्हणाले. "तिथं काही आहे याला पुरावा काय?"

एवढ्यात यम्मा चहा घेऊन आली.

यम्मा म्हणजे टूडा-बास्सूची आई. चार वर्षांपूर्वी तिचा मोतीबिंदू काढला, तेव्हा अगादीरच्या डॉक्टरांना कळलं होतं की दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर डाग आहे, आणि तो जाणारा नाही. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नसे. चेहऱ्याच्या जागी करडा ठसा. म्हणून ती माणसाच्या खांद्यापलीकडे बघत बोलायची. नव्या माणसांना वाटायचं, बाई गर्विष्ठ आहे. तिनं शिवण सोडलं होतं, बाजार सोडला होता, लग्नकार्यात जाणं सोडलं होतं. चहा मात्र पेल्यांच्या कडा कडांनी बघत, न सांडता ओतायची.

"आई, तुम्ही बघा ना," घिता आपली सौजन्यानं म्हणाली.

"मी काय बघू, पोरी? मला समोरचा उंट दिसत नाही."

"बघ गं," टूडा म्हणाली. हे ती का म्हणाली, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. चहाचा पेला हातातून काढून घेऊन तिनं आईला स्टुलावर बसवलं. यम्मानं डोळा लावला. नेहमीच्या सवयीनं तिची नजर बाजूला सरकली आणि तिथं स्थिर झाली. डोळा तिनं काढलाच नाही.

"राहू दे, यम्मा," बास्सू हळूच म्हणाला. "पाय गारठतील."

"थांब रे. ही भेग कसली आहे?"

"कसली भेग?"

"उजेडाची. दार लोटलेलं असावं आणि आत दिवा असावा तशी. उभी आहे, जराशी कललेली." तिनं हवेत हात धरून कल दाखवला. "आणि तिच्या मधून काळी रेघ गेलीये. केस अडकल्यासारखी. काचेवर आहे का ती?"

टूडानं तिला ते कधीच सांगितलं नव्हतं. पाहुण्यांनाही काळ्या रेघेबद्दल अवाक्षर बोलली नव्हती, कारण ती रेघ तिला स्वतःलाच धड दिसली नव्हती. आईला किंचित सरकवून तिनं डोळा लावला. श्वास रोखून नजर बाजूला ठेवली. उजेडाची भेग होती, आईच्या हातासारखीच कललेली. आणि तिच्या मधोमध, डोळ्यांवर ताण देता देता क्षणभर, ती काळी रेघ.

"काचेवर नाही," टूडा म्हणाली. "तिथलीच आहे. तिथली धूळ आहे ती."

"एवढ्या लांबसुद्धा धूळ?" यम्मा म्हणाली. "झाडायला कुणी नाही वाटतं." आणि तिनं पुन्हा डोळा लावला.

वकील मग यम्माच्या शेजारी उकिडवे बसले. कोर्टात असते तर त्यांनी इतक्या अदबीनं कुणाला विचारलं नसतं. "आई, नजर नेमकी कुठं ठेवता तुम्ही?"

"तुझ्या कानाकडे बघत मी तुझ्याशी बोलतेय ना, तसं. त्याच्या कानाकडे बघ. चेहरा आपोआप येतो."

त्यांना जमायला वेळ लागला. जमलं तेव्हा ते मोठ्यानं ओरडले, आणि लांब बसलेले उंट दचकून उभे राहिले. घिताला जमलं. बहिणींपैकी एकीला जमलं, दुसरीनं जमल्याचं सांगितलं. चहा पार थंडगार झाला आणि कुणी तक्रार केली नाही.

पाहुणे तंबूत गेल्यावर बास्सूनं नळीवर गोधडी घातली. "बटणवाली असती तर," तो म्हणाला आणि थांबला.

"तर काय?"

"तर तिच्या पेल्याएवढ्या तोंडातून आईला काही दिसलं नसतं." त्यानं गोधडीची टोकं खोचली. "बोललो एकदा. पुन्हा बोलायला लावू नकोस."

त्यानंतर यम्मानं दुर्बिणीशेजारची आपली जागा सोडली नाही. अमावास्येच्या आसपास कुणी पाहुणे आले, की टूडा वस्तू शोधून द्यायची आणि यम्मा माणसाला बसवून, त्याची हनुवटी धरून, नजर कुठं ठेवायची ते शिकवायची. पाहुणे नसले तर शेजारच्या बायका यायच्या. त्यांना दीर्घिकांची नावं नको होती. यम्मानं स्वतःच्या मनानं ठेवलेली चालायची. मार्चमध्ये कासाब्लांकाचा जथा आला, तेव्हा त्यांच्यातला सगळ्यात जुना सभासद आपली भलीमोठी दुर्बीण टूडाच्या दुर्बिणीशेजारी लावून म्हणाला, "लाल्ला टूडा, बाकी सगळं असू दे. तेवढ्या आईंना माझ्याकडे थोडा वेळ पाठवा."

यम्मानं शाल आवळली. "आधी माझं इकडचं होऊ दे," ती त्याच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली. "मग येते. तुझ्या दुर्बिणीत मला काय काय दाखवायचं, ते तोवर ठरवून ठेव."