उन्हात तापलेला डबा

माघ सरता सरता सातपुडा पळसांनी पेटला होता. पाषाणवर्णी उतारांवर केशरी ज्वाळा, निष्पर्ण सागांवर पिवळं ऊन. आणि त्या उन्हात, शाळेच्या ओट्यावर, सिकलसेलच्या, रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराच्या, तपासणीचं शिबिर.

नऊ वर्षं खपून हेरंबने एक सूक्ष्मदर्शक घडवला होता. सूर्यप्रकाशावर चालणारा, पाठीवर वाहून नेता येणारा. नऊ वर्षांची तपश्चर्या, नऊ वर्षांचा एकांत. आणि परवा त्याच्या संस्थेत आलेल्या ऋताने रसायन लावलेला कागदाचा एक चतकोर तुकडा तयार केला! त्यावर रक्ताचा थेंब टाकायचा. मधोमध गडद डाग उरला तर आजार; फिका पसरला तर निरामय. बस्स.

रांग तिच्यापुढे होती. त्याचं यंत्र कापडाखाली.

मत्सर आधी धुरासारखा येतो. डोळे चुरचुरतात, जाळ दिसत नाही. सकाळी ऋताच्या कागदांचा डबा जीपच्या टपावर तापताना त्याने पाहिला होता. उन्हाने कागदावरचं रसायन मरतं, हे त्याला ठाऊक होतं. तो बोलला नव्हता.

गेंदीबाईच्या सहा वर्षांच्या सुमलीचं बोट टोचलं. थेंब फिका पसरला.

"काही नाही, बाई. पोर चांगली आहे," ऋता म्हणाली.

"मग हाडं दुखतात म्हणून रडते का ही?"

"दमत असेल खेळून."

लेकीला कडेवर घेऊन गेंदीबाई उतार उतरू लागली. हेरंब पाहत राहिला. चुकली! अखेर ही चुकली! मधुर, मंद, विषारी असा तो घोट गळ्याखाली उतरतो न उतरतो, तोच सुमलीने खांद्यावरून मागे पाहिलं. तिच्या डोळ्यांत हळदीसारखी पिवळी झाक होती, याच आजारात येते तशी.

"बाई, थांबा!" तो धावला.

नवा थेंब त्याने काचेवर घेतला, भिंगाखाली धरला. बराच वेळ मान वर केली नाही.

"आजार आहे," तो म्हणाला. "ऋता, डबा उन्हात होता. सकाळीच पाहिलं होतं मी. मुद्दाम बोललो नाही."

ऋताने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग सकाळपासूनची यादी उघडून तिने पहिल्या नावाला पुन्हा हाक मारली.

"माझी पोर जगेल ना, भाऊ?" गेंदीबाईने विचारलं.

"जगेल. रोज गोळी द्यायची, चुकवायची नाही."

आता रांग त्याच्यापुढे होती. भिंगाखाली आरक्त आकाश. आणि त्यात तरंगणाऱ्या कृश, वाकलेल्या, निःशब्द चंद्रकोरी.