सायीचं बोट

गुऱ्हाळ सुरू झालं, की नीलव्वाचा दिवस पहाटेच चुलीपुढं सुरू व्हायचा. कसबा बावड्यातल्या त्या घरात दीर चन्नवीरचा शब्द चाले, आणि चन्नवीरवर त्याच्या आईचा, शांतव्वाचा. नवरा गेल्यापासून गुऱ्हाळावरच्या गड्यांच्या भाकऱ्या नीलव्वाच्या गळ्यात पडल्या होत्या. वय चाळिशीपुढं सरकलं तशी तोंडाची कातडी कोरडी पडू लागली, आणि शहाण्णव सालच्या थंडीत चुलीच्या धगीनं गाल असे उलले, की हसलं तरी रक्त यायचं. आता हसायचे प्रसंग त्या घरात तिच्या वाट्याला फारसे येत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "वय वाढलं की कातडीचा ओलावा कमी होतो. मलम परवडत नसेल तर निदान साय लावा, बाई. याला नटणं म्हणत नाहीत."

त्या सकाळी नीलव्वानं दुधावरच्या सायीला बोट लावलं आणि गालावर फिरवलं. इतकं बरं वाटलं, की तिनं डोळेच मिटले. तेवढ्यात मागून शांतव्वाचा आवाज आला.

"काय चाललंय गं? कुणासाठी तोंड मऊ करतीस?"

"अव्वा, लई आग हुतिया. डॉक्टरीण म्हनली..."

"डॉक्टरीण तुझी अब्रू राखायला येनार हाय व्हय? आमचं मालक गेलं तवापासनं माझ्या तोंडाला इभूतीबिगर काय लागलं न्हाय. रांडमुंड बाईनं साय चोळली तर गाव आमच्या तोंडात श्यान घालंल की!"

शांतव्वाचे स्वतःचे गालही करपल्यासारखे होते. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसरीलाही मिळू द्यायचं नाही, यालाच ती धर्म समजत होती. तिनं दात घासायची राखुंडी मुठीत घेतली, सुनेची मान धरली आणि ते उललेले गाल खसाखसा घासले. चन्नवीरची बायको शांभवी दारातच उभी होती. तिच्या तोंडाला क्रीम होतं. ती सवाष्ण, तिला सगळं माफ. तिनं बघितलं आणि ती आत निघून गेली.

जखमा चिघळल्या. पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही, असा हुकूम होता. दोन्ही गालांवर पांढरे-काळे चट्टे उठले, ते कायमचे.

पुढच्या उन्हाळ्यात नीलव्वाच्या लेकीला, पवित्राला, बघायला निपाणीचे पाहुणे आले. मुलगी पसंत पडली. मग नीलव्वा चहा घेऊन बाहेर आली, आणि मुलाच्या मामानं कप तसाच खाली ठेवला.

"पावणं, ह्यो रोग घराण्यात हाय व्हय?"

"रोग न्हवं ओ, भाजलंय तिला," चन्नवीर म्हणाला. पण पाहुणे तोवर चपला घालत होते.

त्या दिवशी घरात राखुंडीचं नाव कुणी काढलं नाही. "ह्या अवदसेच्या तोंडापायी पोरगी घरात ऱ्हानार," एवढंच शांतव्वा म्हणाली. आणि वाईट याचं वाटतं, की नीलव्वालाही ते पटलं.

म्हणून चिकोडीचे पाहुणे आले त्या दिवशी ती आपणहून आतल्या खोलीत गेली. बाहेरून कडी लागली, तशी ती दाराशी सरकली. दाराला कान लावून उभी राहिली.

"पोरीची आई दिसंना कुठं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"ती वारली," शांतव्वा म्हणाली. "पोरगी ल्हान हुती तवाच."

"व्हय गं, बाळ?"

पवित्रानं आजीकडं बघितलं. आत नीलव्वानं श्वास रोखला. लेकीचं लग्न जमावं हीच तिची एकमेव इच्छा होती, आणि तरीही पोरीनं आत्ता तोंड उघडून सांगावं, आई जिती हाय माझी, असं तिला फार फार वाटलं.

"व्हय," पवित्रा म्हणाली.

लग्न ठरलं आणि झालंही. हळद शांभवीच्या हातानं लागली. सासरी निघताना पवित्रा त्या दिवशीही कडी लावलेल्या आईच्या दारापाशी थांबली. आतून आवाज आला नाही, कारण पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नीलव्वानं तोंडात पदर कोंबला होता.

वाचकहो, पवित्राला बोल लावू नका. त्या घरानं तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तुमच्या घरातही कुणी विधवा आई असेल, काकू असेल. आज तिच्या तोंडाकडं नीट बघा आणि विचारा, तू तोंडाला काय लावतेस? उत्तर द्यायच्या आधी ती घाबरून कुणाकडं बघते, तेही बघून ठेवा.